कथालेखकाने स्वतःची तत्त्वे कशी ठरवावीत: एका वहीची रीत

माझ्या टेबलाच्या खणात जाड पुठ्ठ्याची एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात कथेचे कच्चे खर्डे नाहीत आणि सुचलेल्या कल्पनाही नाहीत. कथा लिहिताना माझ्या हातून काय चुकले आणि त्यानंतर मी काय करायचे किंवा काय टाळायचे ठरवले, तेवढेच तारीख घालून लिहिलेले आहे. वीस वर्षांत एकोणीस नोंदी झाल्या आहेत. नव्याने लिहू लागलेले तरुण-तरुणी भेटतात तेव्हा कथेची सुरुवात कशी करावी, शेवट कसा करावा, अंकाला कथा कशी पाठवावी, हे आवर्जून विचारतात. पण कथेसाठी कुणाकडून काय घ्यावे, काय घेऊ नये, आणि घेतले तर त्याची परतफेड कशी करावी, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारते. कथालेखकाच्या आयुष्यात खरी अडचण मात्र याच प्रश्नापाशी येते, आणि ती येते तेव्हा कथा बहुधा छापून झालेली असते. म्हणून ही वहीची रीत इथे सविस्तर मांडतो आहे.

वहीतील प्रत्येक नोंदीचे तीन भाग असावेत. पहिल्या भागात घटना, म्हणजे नेमके काय झाले ते. दुसऱ्यात नियम, म्हणजे यापुढे मी काय करीन ते. आणि तिसऱ्यात अपवाद, म्हणजे कोणत्या परिस्थितीत हा नियम मोडणे मला योग्य वाटेल ते. घटना लिहिली नाही तर दोन-तीन वर्षांनी नियमामागचे कारण आठवत नाही आणि कारण विसरलेला नियम पहिल्याच मोहात गळून पडतो. अपवाद आधी लिहून ठेवला नाही तर तो गरजेच्या वेळी, स्वतःच्या सोयीने, शोधला जातो. नियमाची भाषा कामाची असावी. ‘वास्तवाशी प्रामाणिक राहावे’ हे वाक्य कुणालाही मान्य होईल, पण मंगळवारी सकाळी कथेच्या सातव्या पानावर बसलेल्या लेखकाला त्यातून काहीच करता येत नाही. ‘ज्या कामाचे वर्णन कथेत आले आहे, ते काम केलेल्या एका तरी माणसाला तो भाग छापण्यापूर्वी वाचून दाखवावा’ हा नियम मात्र पाळला की नाही, हे कुणीही तपासू शकते. ज्याचे उल्लंघन ओळखता येत नाही, तो नियम वहीत घेऊ नये.

ऐकलेले आणि सांगितलेले

माझ्या वहीतील पहिली नोंद नात्यातील एका वयस्कर स्त्रीबद्दलची आहे. एका दुपारी लसूण सोलता सोलता तिने मला तिच्या संसारातील एका वस्तूबद्दल सांगितले होते. नवरा गेल्यानंतर ती वस्तू तिने जपून ठेवली होती आणि रोज संध्याकाळी तिचे ती काय करीत असे, हे घरातल्या कुणालाही ठाऊक नव्हते. ती वस्तू कोणती, हे मी इथेही लिहीत नाही, कारण ते लिहिण्याचा अधिकार मला तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. पुढे दीड वर्षाने मी कथा लिहिली. नाव बदलले, गाव बदलले, नवऱ्याचा व्यवसायही बदलला. ती वस्तू आणि ती संध्याकाळ मात्र जशीच्या तशी ठेवली, कारण सगळी कथा त्यावरच उभी होती. कथा दिवाळी अंकात आली. शेजारच्या घरात तो अंक वाचला गेला आणि तिथून तो तिच्याकडे पोचला.

मी भेटायला गेलो तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसली होती. अंकाला तिने वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते आणि माझ्या कथेच्या पानात बोट घालून तो मिटून मांडीवर ठेवला होता. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “ते मी तुला सांगितलं होतं रे, अंकाला नाही.” मी नाव बदलल्याचे सांगू लागलो, तेव्हा तिने बोट काढून घेतले आणि अंक माझ्या हातात दिला.

त्या दिवसानंतर ठरवलेली पद्धत अशी आहे. कथेचा दुसरा खर्डा पूर्ण झाला की तो कागदावर छापून घ्यावा आणि समासात प्रत्येक ठळक तपशिलापुढे तो कुठून आला हे एका अक्षराने लिहावे: स्वतः अनुभवलेल्यासाठी ‘स्व’, पाहिलेल्यासाठी ‘पा’, ऐकलेल्यासाठी ‘ऐ’ आणि रचलेल्यासाठी ‘र’. हे काम तासाभराचे आहे. नंतर सर्व ‘ऐ’ पुन्हा वाचावेत आणि प्रत्येकापाशी एकच प्रश्न विचारावा: सांगणाऱ्याच्या हाती ही कथा पडली, तर ती व्यक्ती स्वतःला या ओळीत ओळखेल काय? इतरांनी ओळखण्याचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असला तरी माझ्या दृष्टीने दुसरा आहे. पहिला प्रश्न सांगणाऱ्याचाच. उत्तर ‘होय’ असेल तर परवानगी मागावी, नाहीतर तो तपशील काढावा. माणसाचे नाव पुष्कळांचे असते, तपशील मात्र त्या एकाच माणसाचा असतो. त्यामुळे नाव बदलून तपशील ठेवणे ही उलटी काळजी झाली.

परवानगी मागण्याचीही रीत असते. ‘तुमच्यावर गोष्ट लिहितोय, चालेल ना?’ असे फोनवर विचारले की समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो आणि आपण कशाला हो म्हटले हे त्याला कळलेलेही नसते. घरी जावे, तो भाग वाचून दाखवावा आणि उत्तर त्याच बैठकीत मागू नये. आठवड्याने पुन्हा विचारावे. नकार आला तर त्याचे कारण विचारू नये, कारण ते सांगताना माणसाला तेच दुःख पुन्हा उगाळावे लागते. सांगणारी व्यक्ती हयात नसेल तर तिच्या सर्वांत जवळच्या माणसाला विचारावे.

या नियमाला मी एक अपवाद लिहून ठेवला आहे. ज्याने अन्याय केला, त्याची परवानगी ज्याच्यावर अन्याय झाला त्याने मागायची नसते. स्वतः सोसलेली मारहाण, घरातली दहशत, शाळेत किंवा पाणवठ्यावर झालेला अपमान हे लिहिण्याचा हक्क सोसणाऱ्याचा आहे आणि मराठी साहित्यातील कितीतरी मोलाचे लेखन याच हक्कातून आलेले आहे. तरीही अशा वेळी ती व्यक्ती बाहेरच्या वाचकाला ओळखता येणार नाही इतके बदल करावेत. ‘या कथेतील पात्रे काल्पनिक आहेत’ ही एक ओळ छापल्याने अब्रुनुकसानीच्या तक्रारीपासून पूर्ण संरक्षण मिळते, असा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. तो खरा नाही. भारतीय न्याय संहितेचे ३५६ वे कलम अब्रुनुकसानीचे आहे, आणि पात्राचे नाव कल्पित असले तरी खरा माणूस त्यातून ओळखू येत असेल तर तक्रार होऊ शकते.

याला लागूनच दुसरी एक छोटी नोंद आहे. पोटापाण्याच्या व्यवसायातून जे कळते ते कथेसाठी वर्ज्य समजावे. माझी नोकरी हिशेब तपासण्याची असल्याने माणसांच्या कर्जांचे, थकबाकीचे, भावाभावांतल्या रकमांचे कागद माझ्यासमोर येतात. डॉक्टर, वकील, शिक्षक, समुपदेशक यांच्यापुढे याहूनही नाजूक गोष्टी येतात. तिथे माणूस आपल्यापुढे लेखक म्हणून बसलेला नसतो, आणि त्याला उठून जाण्याची सोयही नसते. या नियमाला माझ्या वहीत अपवाद नाही.

काम माहीत नसेल तर

काही वर्षांपूर्वी मी ऊसतोडीला गेलेल्या एका जोडप्याची कथा लिहिली. त्यातील बाई रोज संध्याकाळी मिळालेल्या मजुरीतून दोन नोटा नवऱ्याच्या नकळत तांदळाच्या डब्यात ठेवते, मुलीला शाळेत परत पाठवण्यासाठी साठवते, असा प्रसंग होता. प्रसंग मला आवडला होता, घरच्यांनाही आवडला होता. वहीतल्या नियमाप्रमाणे मी तो बीड जिल्ह्यातील एका शिक्षकांना वाचून दाखवला; त्यांचे लहानपण आईवडिलांबरोबर कोप्यांमध्ये, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, गेले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “रोजचा पैसा तिच्या हातात येणार कुठून?”

मग त्यांनी जे सांगितले ते मला पुस्तकी रूपात ठाऊक होते, पण कथेत उतरले नव्हते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामाला निघण्याआधीच त्या कोयत्यापोटी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती बहुतेक वेळा आजारपणात, लग्नात, नाहीतर जुन्या देण्यात निघण्यापूर्वीच संपलेली असते. तोडलेला ऊस टनावर मोजला जातो, त्याचे पैसे उचलीतून वळते होतात आणि हा हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. संध्याकाळी मजुरी म्हणून हातात काहीच पडत नाही. रोख पैसा येतो तो वाढ्यांचा. उसाचे शेंडे, म्हणजे वाढे, जनावरांच्या चाऱ्यासाठी विकले जातात आणि त्या पैशांत तेल, मीठ, चहाची पूड येते.

ही एक दुरुस्ती केली आणि सगळी कथा हलली. पहिल्या खर्ड्यात त्या बाईची बचत फुकटची होती; कमाईतला थोडा भाग बाजूला पडत होता, इतकेच. आता तिने दोन नोटा लपवल्या तर त्या रात्री तेल येणार नव्हते, आणि नवऱ्याला भाजीच्या चवीवरून ते कळणार होते. फडात दिवसभर मोळ्या वाहिल्यानंतर वाढ्यांचे चार भारे जास्तीचे बांधून रस्त्याकडेला गिऱ्हाइकाची वाट पाहणे हाच तिच्यापुढचा मार्ग उरला आणि कथेचा शेवट त्या रस्त्याकडेला झाला. मला सुचलेल्या शेवटापेक्षा तो कितीतरी खरा होता, आणि तो माझ्या कल्पनाशक्तीतून आलेला नव्हता. पैसा कोणत्या वाटेने येतो हे कळल्यामुळे आला होता.

तेव्हापासून कोणत्याही कामाबद्दल लिहिताना मी पाच गोष्टी विचारून घेतो. पैसा कोण, केव्हा आणि कशाच्या मापाने देतो. काम करताना शरीराचा कोणता भाग आधी दुखतो. कोणत्या शब्दाने बाहेरचा माणूस लगेच ओळखू येतो. कामातली कोणती चूक हसण्यावारी नेतात आणि कोणती माफ करीत नाहीत. आणि स्त्रिया त्या कामात असतील तर त्यांच्या हाती रोख रक्कम येते की नाही. शेवटचा प्रश्न मी ऊसतोडीच्या कथेनंतर घातला. हातमाग, मासेमारी, वीटभट्टी, पापडाचा गृहउद्योग, कशाबद्दलही तो विचारून पाहावा. निम्मी कथा त्या उत्तरातच मिळते. आणि ज्यांनी वेळ देऊन हे सांगितले, त्यांच्यापर्यंत छापील अंक स्वतः पोचवावा.

नाव, आडनाव आणि ‘तो आला’, ‘ते आले’

मराठीत लिहिणाऱ्याला एक जबाबदारी अधिकची असते. आपली क्रियापदे आणि सर्वनामे माणसाची पायरी दाखवतात. ‘डॉक्टर आले’ आणि ‘गडी आला’ ही दोन वाक्ये निवेदकाच्या तोंडी सहज येतात आणि लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही की इथे पात्रांपैकी कुणीही बोललेले नाही. दोघांपैकी कुणाला मान द्यायचा हे खुद्द लेखकाने ठरवले आहे. माझ्या एका जुन्या कथेत साठ वर्षांच्या स्वयंपाकीणबाईंसाठी ‘ती’ आणि तिशीतल्या इंजिनिअरसाठी ‘ते’ होते. ती कथा एका वाचकवर्गात मोठ्याने वाचली गेली तेव्हा मला ते ऐकू आले. डोळ्यांनी वाचताना दहा वेळा निसटले होते.

यावर उपाय म्हणून कथा पूर्ण झाल्यावर एक साधा तक्ता करावा. डाव्या बाजूला प्रत्येक पात्र, अगदी एका ओळीपुरते येणारे रिक्षावाले आणि दूध घालणाऱ्या बाईसुद्धा. पुढच्या रकान्यांत त्या पात्राला नाव आहे का, आडनाव आहे का, निवेदक त्याचा उल्लेख एकवचनी करतो की आदरार्थी, आणि इतर पात्रांपैकी कोण त्याला अरे-तुरे करते व कोण अहो-जाहो. माझ्या त्या कथेत नऊ पात्रे होती. चौघांना आडनावे होती आणि चौघेही पगारदार, शिकलेले होते. उरलेल्या पाच जणांना नुसती नावे किंवा ‘मावशी’, ‘काका’ अशी संबोधने होती. एकीला तर फक्त ‘कामवाली’ एवढेच. हा तक्ता समोर आला की वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

आता माझा नियम असा आहे की निवेदनात सर्व प्रौढ पात्रांना एकाच पातळीवर ठेवायचे. सर्वांना ‘तो, ती’ किंवा सर्वांना ‘ते, त्या’. पात्रे आपापसांत जशी बोलतात तशी बोलोत, तिथे समाज जसा आहे तसाच दिसला पाहिजे. घरातली लहान मुलगी वयस्क स्वयंपाकीणबाईंना ‘ए मावशी’ म्हणते आणि त्याच बाई तिला ‘ताई’ म्हणतात, हे लिहिलेच पाहिजे, कारण ते तसेच घडते. निवेदकाने मात्र त्यात आपली भर घालू नये. अपवाद एकच: कथा एखाद्या पात्राच्या नजरेतून सांगितलेली असेल आणि त्या नजरेतील भेद हाच कथेचा विषय असेल, तर ती नजर पूर्ण उतरवावी.

आडनावाबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. आपल्याकडे आडनाव लिहिताक्षणी वाचक जात, प्रदेश आणि पुष्कळदा घरची परिस्थितीही मनाशी ठरवून टाकतो. त्यामुळे लबाड, लोभी, भित्रे किंवा विद्वान असे पात्र योजताना प्रथम सुचलेले आडनाव कागदावर लिहून बाजूला ठेवावे आणि ते का सुचले, याचा विचार करावा. एखाद्या समाजाबद्दल लहानपणापासून कानावर पडलेली म्हण किंवा चेष्टा जर त्या आडनावामागे असेल, तर ते बदलावे. आडनावच टाळणे हा मार्ग मात्र मला पटत नाही. आडनावे गाळल्याने जात कथेतून जात नाही. ती फक्त न बोलता वावरते.

बोलीबद्दल

वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी किंवा आगरी पात्र आणायचे असेल तर आधी पाहावे की ते कथेत कशासाठी येते आहे. ते केवळ हसवण्यासाठी किंवा केवळ दार उघडण्यासाठी येत असेल तर बोली वापरू नये. बोलीभाषकांना आपली भाषा रंगमंचावर आणि पडद्यावर अशाच कामांसाठी वापरलेली पाहण्याचा पुरेसा अनुभव आहे. बोली म्हणजे शब्दांची मोडतोड, ही समजूतही सोडावी. ‘मला’चे ‘मले’ आणि ‘काळा’चे ‘काया’ केले की वऱ्हाडी झाले, असे नसते; ‘तो काय करून राहिला’ या वाक्यातली क्रियापदाची ठेवण, कुठे थांबायचे, कोणता शब्द शेवटी टाकायचा, यांत बोली राहते. स्वतःची नसलेली बोली लिहिताना संवाद आधी प्रमाण मराठीत लिहावेत, मग ती बोली घरात बोलणाऱ्या माणसाला प्रसंग समजावून सांगून ‘इथे तुमच्याकडे काय म्हणाल?’ असे विचारावे. उत्तरात पुष्कळदा आपले वाक्य नुसते बदलत नाही, तर निम्मे गळून जाते.

निवेदनाची प्रमाणभाषा मात्र चोख असावी. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये भर पडलेले चार, असे एकूण अठराच आहेत. ते दोन रविवारांत शिकून होतात. पात्राच्या तोंडी बोलण्यातले रूप लिहिण्याची मोकळीक या नियमांतही आहे. ऱ्हस्व-दीर्घ मुद्रितशोधक पाहतील, असे म्हणून खर्डा पाठवणे हे मला दुसऱ्याच्या वेळेची चोरी वाटते.

बसण्याची वेळ

यावर फार लिहिण्यासारखे नाही. नोकरी करणाऱ्याने वेळ ठरवावी, शब्दसंख्या ठरवू नये. मी सकाळी साडेपाचपासून नळाला पाणी येईपर्यंत बसतो; ते सातला येते. त्या वेळात कधी दोन पाने होतात, कधी एकच वाक्य खोडून पुन्हा लिहिले जाते. दोन्ही दिवस दिनदर्शिकेवर ‘बसलो’ एवढीच नोंद होते. खर्डा पूर्ण झाल्यावर पंधरा दिवस तो उघडायचा नाही आणि नंतर पहिले वाचन मोठ्याने करायचे.

अंक, संपादक आणि एका कथेची दोन आमंत्रणे

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचे वर्ष दिवाळीभोवती फिरत आले आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला संपादकांची पत्रे येऊ लागतात आणि पुढचे दोन महिने लेखकाच्या तत्त्वांची परीक्षा असते. एका वर्षी मी एक कथा एका अंकाला पाठवली. दीड महिना उत्तर आले नाही, म्हणून तीच दुसरीकडे पाठवली. पहिल्या संपादकांना तसे कळवण्याचे मी टाळले, कारण त्यांनी नकार दिला तर तो ऐकायचा नव्हता. दिवाळीत ती दोन्ही अंकांत आली. दोन्ही संपादकांनी त्या पानांसाठी इतर कुणाच्या तरी कथा परत केल्या होत्या. त्यांपैकी एकांनी पुढची तीन वर्षे मला आमंत्रण दिले नाही, आणि त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

आता कथेबरोबर जाणाऱ्या पत्रात मी एक वाक्य घालतो: ‘ही कथा अन्यत्र पाठवलेली नाही; अमुक तारखेपर्यंत आपला निर्णय कळला नाही, तर ती दुसरीकडे देण्यास मी मोकळा आहे असे समजेन.’ ती तारीख आल्यावर आधी एक फोन करावा आणि मगच कथा हलवावी. आमंत्रणे पाच असली आणि कथा दोनच असल्या, तर तिघांना लगेच नकार कळवावा. शेवटच्या आठवड्यात घाईने लिहून दिलेली तिसरी कथा पुढे अनेक वर्षे आपल्या नावावर राहते.

पैसा आणि करार

मानधनाबद्दल विचारण्याचा संकोच मराठी लेखकात फार आहे. आमंत्रण स्वीकारतानाच नम्रपणे विचारावे, कारण नंतर विचारणे दोघांनाही अवघड जाते. विनामानधन लिहायचेच असेल तर कुणासाठी, हे आधी ठरवून वहीत लिहावे. माझ्या यादीत शाळांची हस्तलिखिते आणि तालुक्याच्या गावांतील छोटे, विनानफा अंक आहेत.

पुस्तकाच्या वेळी अधिक सावध राहावे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क कथा लिहिताच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखकाच्या सहीचा लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. याच कायद्याच्या ५७ व्या कलमान्वये, हक्क विकल्यानंतरही लेखनावर आपले नाव असण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. एवढे माहीत असले की ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असे छापील वाक्य दिसताच पेन खाली ठेवता येते. माझा नियम असा की छापील पुस्तक, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, अनुवाद आणि चित्रपट-मालिका हे हक्क वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्यायचे, आणि जो व्यवहार प्रकाशक स्वतः करीत नाही तो हक्क त्याला द्यायचा नाही. हे मागताना आवाज चढवावा लागत नाही. चांगले प्रकाशक अशा प्रश्नांना उत्तरे देतात.

एक हिशेब प्रत्येक नव्या लेखकाने स्वतः करून पाहावा. समजा कथासंग्रहाची किंमत २५० रुपये आहे, स्वामित्वधन (रॉयल्टी) १० टक्के आहे आणि ५०० प्रती विकल्या गेल्या. तर हाती १२,५०० रुपये येतात, तेही कदाचित दोन-तीन वर्षांत मिळून. हा आकडा निराश होण्यासाठी सांगत नाही. घर चालवण्याचा भार कथेवर टाकला की कथा कुणाला आवडेल याचा विचार पहिल्या ओळीपासून सुरू होतो, आणि वर लिहिलेला प्रत्येक नियम महाग वाटू लागतो. माझी नोकरी मी याच कारणाने सांभाळली आहे.

दुसऱ्या भाषेतल्या कथेवरून सुचलेल्या लेखनाबद्दल एकच सांगतो. मूळ कथा आणि लेखकाचे नाव शीर्षकाखाली द्यावे आणि मूळ लेखकाचा हक्क शाबूत असेल तर आधी परवानगी घ्यावी. ‘बीज तेवढे घेतले’ असे म्हणत मूळ नाव गाळण्याची सवय आपल्याकडे बरीच जुनी आहे आणि ती मोडली पाहिजे.

वर्षातून एकदा

दिवाळीनंतर, अंक हाती आले की, एक पूर्ण दिवस वहीसाठी ठेवावा. त्या वर्षी छापून आलेली प्रत्येक कथा पुन्हा वाचावी आणि नोंदींच्या बाजूला खूण करावी: हा नियम पाळला, हा मोडला, हा लागूच झाला नाही. सलग तीन वर्षे एखादा नियम मोडला गेला असेल तर तो खोडावा किंवा बदलावा, पण पाळत असल्याचे भासवू नये. माझ्या वहीतील दोन नियम असे खोडले गेले आहेत. त्यांपैकी एक होता, कुटुंबाबद्दल अजिबात न लिहिण्याचा. तो मी घाबरून केला होता आणि तो पाळणे मला शक्य नव्हते.

कथासंग्रह काढायचे ठरले तेव्हा त्या पहिल्या नोंदीतील कथा पुन्हा समोर आली. प्रकाशकांना ती हवी होती. संग्रहाला तिचेच नाव द्यावे असे त्यांचे म्हणणे होते. मी त्या वयस्कर स्त्रीच्या घरी गेलो, वाचून दाखवायला म्हणून कागद नेले होते, पण तिने ते उघडू दिले नाहीत. आठवड्याने पुन्हा गेलो, तेव्हा ती नाही म्हणाली. त्या वस्तूच्या जागी दुसऱ्या तीन वस्तू ठेवून मी ती कथा महिनाभर लिहून पाहिली आणि एकही बसली नाही. संग्रहात आता अकरा कथा आहेत. बाराव्या कथेचे हस्तलिखित मी तिला नेऊन दिले. ते तिने वर्तमानपत्रात गुंडाळून, त्या वस्तूबरोबर, कपाटात ठेवले.